लेकरं झोपल्यावरची चाळीस मिनिटं: साठलेले गेम संपवायचे कसे

घेऊन ठेवलेले व्हिडिओ गेम संपवायला बसलेले आईबाप बहुतेक एकाच ठिकाणी चुकतात. गेम किती तासांचा आहे, एवढंच बघून ते निवड करतात. तास बघायचेच, पण त्याच्या आधी तो गेम मधेच कुठे थांबवता येतो हे बघायला हवं. धाकटा रडत उठतो, बेल वाजते, लाइट जाते आणि पाऊण तासाचं खेळणं सेव्ह न होता वाया जातं. दुसऱ्या दिवशी तेवढंच परत खेळायचा उत्साह कुणाला असतो? असं दोन-तीनदा झालं की तो गेम पुन्हा यादीत जाऊन पडतो.

मी जळगावला राहते, नोकरी करते. मुलगी आठ वर्षांची, मुलगा तीनचा. नवरा भुसावळला रेल्वेत, पाळीची ड्युटी. या घरात राहून गेल्या अडीच वर्षांत मी १९ गेम संपवले आणि ३१ कायमचे सोडून दिले. खालचा क्रम त्यातून बसला आहे. पायऱ्या उलटसुलट करू नका, आणि पहिली तर अजिबात गाळू नका. सगळ्यात जास्त तीच गाळली जाते.

पायरी १: दोन आठवडे फक्त वेळ मोजा

या दोन आठवड्यांत काही ठरवायचं नाही. जे खेळता ते खेळा. फक्त किती वाजता बसलात, किती वाजता उठलात आणि का उठलात हे लिहून ठेवा. तिसरी नोंद सगळ्यात कामाची.

माझी नोंद अशी निघाली: १४ दिवसांत ९ बैठका, एकूण ६ तास २० मिनिटं. म्हणजे एका बैठकीला साधारण ४२ मिनिटं. त्यातल्या पाच बैठका अर्ध्या तासाच्या आत मोडल्या. तीनदा मुलगा उठला, एकदा लाइट गेली, एकदा गावाहून फोन आला. हे मोजण्याआधी माझी खात्री होती की मला रोज रात्री दोन तास मिळतात. ते दोन तास लग्नाआधीचे होते.

आता वर्षाचा हिशोब. आठवड्याला तीन तास धरले तर ५२ आठवड्यांचे १५६ तास होतात. त्यातून दिवाळी, आखाजीला माहेरी जाणं, कानबाईचे दिवस, मुलांच्या परीक्षा, लग्नसराई आणि घरातली आजारपणं असे बारा आठवडे काढून टाका. उरले १२० तास. वर्षभराचं भांडवल तेवढंच. ‘द विचर ३’ची नुसती मुख्य गोष्ट साधारण ५० तासांची आहे, म्हणजे आठवड्याला तीन तासांनी चार महिने. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ही त्याच मापाचा. वर्षात असा एकच मोठा गेम धरायचा.

*सावधान:* रात्री साडेबारानंतरचे तास या हिशोबात घेऊ नका. सकाळी सहाला डबा करायचा असेल तर ते तास झोपेचे आहेत. झोप मोडून खेळलेला गेम आठवतही नाही.

पायरी २: सगळ्या दुकानांची मिळून एकच यादी

स्टीम आणि एपिक या पीसीच्या ऑनलाइन दुकानांतले वेगवेगळे, प्लेस्टेशनचे वेगळे, आणि कपाटात डिस्क. अशी चार ठिकाणी विखुरलेली यादी कधीच कमी होत नाही. एका वहीत किंवा शीटमध्ये सगळं एकत्र आणा आणि प्रत्येक गेमपुढे चारच गोष्टी लिहा: कोणत्या मशीनवर आहे, किती तास उरलेत, सेव्ह कसं होतं, आणि मुलांसमोर चालेल की नाही.

तासांसाठी ‘हाऊ लाँग टू बीट’ ही साइट बघा. तिथे एकाच गेमचे वेगवेगळे आकडे असतात: फक्त मुख्य गोष्ट, गोष्ट आणि थोडं इकडचं तिकडचं, आणि सगळंच्या सगळं. पहिला आकडा घ्या आणि त्यात पाव भाग वाढवा. आपण दर चार दिवसांनी खेळतो, दर वेळी हात बसायला वेळ लागतो, त्याचा हा पाव भाग. २० तासांचा ‘गॉड ऑफ वॉर’ (२०१८ चा) आपल्याला २५ तासांचा पडतो.

एपिकवर आठवड्याला एखादा गेम फुकट मिळतो म्हणून घेतलेले सगळे या यादीत ओढू नका. जो गेम तुम्ही मागितलाच नव्हता त्याचं ओझं कशाला? खरंच खेळायचा असलेला एखादा त्यातून उचला, बाकीचे तिथेच राहू द्या. स्टीमवर गेम नजरेआड करायची सोय आहे आणि स्वतःचे गट पाडायचीही. दोन्ही वापरा.

पायरी ३: छाटणी

अर्धवट सोडलेल्या प्रत्येक गेमला एकच प्रश्न: मी हा बंद का केला होता? बाळंतपण, बदली, परीक्षा, पाहुणे असं घरचं कारण असेल तर गेम ठेवा. कारण गेममध्येच असेल, लढाया कंटाळवाण्या होत्या किंवा गोष्ट पुढे सरकत नव्हती, तर तो सोडला असं समजा आणि खोडा. दोन वर्षांनी तो बदललेला नसतो.

रोजची कामं देणारे, सीझन चालवणारे ऑनलाइन गेम या यादीत धरू नका. त्यांना शेवट नाही. खेळायचे तर खेळा, पण ते तास १२० मधूनच जाणार हे लिहून ठेवा.

मालिका पहिल्यापासून खेळण्याचा हट्टही सोडा. ‘विचर’चा तिसरा भाग पहिले दोन न खेळता नीट कळतो. पहिल्या भागापासून सुरुवात करायची म्हणून तिसरा सहा वर्षं पडून राहिलेली घरं मला माहीत आहेत.

*तपासा:* छाटणीनंतर यादी निम्म्यावर आली नसेल तर हात आखडता घेतला आहे. पुन्हा एकदा कात्री फिरवा.

पायरी ४: थांबण्यानुसार वर्गवारी

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी. एक आख्खी संध्याकाळ तिला द्या.

पहिला गट, कधीही सोडता येणारे. ‘द विचर ३’मध्ये लढाई किंवा संवाद चालू नसेल तर कुठेही सेव्ह करता येतं. ‘इनटू द ब्रीच’, ‘स्ले द स्पायर’ असे आळीपाळीने चाल करायचे गेम तर तुमची वाट बघत बसतात. मूल उठलं, थोपटून निजवलं, वीस मिनिटांनी परत आलात तरी ‘स्ले द स्पायर’मधले हातातले पत्ते तिथेच असतात. ‘सेलेस्ट’ही याच गटात. एकेक पडदा म्हणजे एकेक लहान कोडं, सेव्ह करून बाहेर पडता येतं आणि सगळा मिळून आठेक तासांचा.

दुसरा गट, ठरावीक अंतराने सेव्ह होणारे. ‘स्टारड्यू व्हॅली’त गेममधला दिवस संपवून झोपायला गेलात की सेव्ह होतं. एक दिवस साधारण १४ मिनिटांचा. हे माहीत असलं की नियम सोपा: हातात पंधरा मिनिटं नसतील तर नवा दिवस सुरू करायचा नाही. ‘हेडीस’ची एक फेरी अर्ध्या तासाच्या आसपास जाते, पण मधे सेव्ह करून उठता येतं आणि ज्या दालनात होतात त्याच्या सुरुवातीला परत येता येतं.

तिसरा गट, लांब पट्ट्याचे. ‘रेड डेड २’मध्ये मोहीम चालू असताना हाताने सेव्ह करता येत नाही. ‘होलो नाइट’मध्ये बाहेर पडलात तर शेवटचं जिथे बसला होतात त्या बाकावरून सुरुवात करावी लागते. हे गेम वाईट नाहीत, पण ते चाळीस मिनिटांच्या रात्रीचे नाहीत.

चौथा गट, पॉज न होणारे. ऑनलाइन सामने यात येतात. ‘एल्डन रिंग’ही येतो: नेहमीचा मेनू उघडला तरी जग थांबत नाही. गेममधून पूर्ण बाहेर पडलात तर मात्र जागा सेव्ह होते, म्हणून उठायचं झालं तर थेट बाहेर पडण्याची सवय लावा.

आपली रोजची निवड पहिल्या दोन गटांतून. तिसऱ्यातला एकच गेम, तो सुट्टीसाठी राखून. चौथ्यातला घरात दुसरं मोठं माणूस जागं असेल तेव्हाच.

सगळ्यात पहिला गेम सहा तासांच्या आतला घ्या. ‘फायरवॉच’ चार तासांत संपतो, ‘अ शॉर्ट हाइक’ दोनच्या आत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेला ‘राजी’ पाचेक तासांचा आहे. महिन्याभरात एक नाव खोडलं गेलं की हात चालायला लागतो.

*सावधान, लाइट:* ‘माझ्याकडे रेस्ट मोड (गेम चालू ठेवून मशीन झोपवण्याची सोय) आहे, सेव्हचं काय एवढं’ असं समजून बसू नका. प्लेस्टेशन रेस्ट मोडमध्ये असताना वीज गेली की थांबवलेला गेम बंद होतो आणि सेव्ह न केलेलं सगळं जातं. एक्सबॉक्सच्या सीरिज एक्स आणि एसवरचं क्विक रिझ्यूम, म्हणजे सोडला तिथूनच गेम पुन्हा उघडायची सोय, वीज गेल्यावरही बहुतेकदा टिकतं. स्विचला स्वतःची बॅटरी आहे. पण तिन्हीकडे नियम एकच: आधी सेव्ह, मग झोपवणं.

मला हे एका मे महिन्यात कळलं. संध्याकाळी वावधन सुटलं, खिडकीची फळी आपटली, आणि वाळवणं उचलायला मी कंट्रोलर सोफ्यावर टाकून गच्चीवर पळाले. मोहीम अर्ध्यात होती, कन्सोल रेस्ट मोडवर टाकलेला. कुरडयांचं कापड गुंडाळून खाली येईपर्यंत आख्खी गल्ली अंधारात. लाइट रात्री अकराला आली. तासाभराची मोहीम पहिल्यापासून. तो गेम त्यानंतर पाच महिने मी उघडला नाही.

पीसी असेल तर यूपीएस घ्या, पण तो खेळत राहण्यासाठी नाही, सेव्ह करून नीट बंद करण्यापुरता. घेताना पीसी भर लोडवर किती वॉट खातो ते बघा. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॉटपर्यंतच ओढतो. त्याहून जास्त लोड आला तर लाइट जाताच पीसीही बंद. घरच्या इन्व्हर्टरला यूपीएस आणि इको असा खटका असेल तर तो यूपीएसवर ठेवा, म्हणजे बदल लवकर होतो आणि पीसी रीस्टार्ट होत नाही.

पायरी ५: घरातल्यांशी बोलून वेळ ठरवा

चोरून खेळलेला वेळ टिकत नाही. आमच्याकडे महिन्याचा ड्युटीचा तक्ता आला की फ्रिजवर लागतो. नवऱ्याची रात्रपाळी असलेल्या आठवड्यात माझा वेळ शून्य धरते, कारण उठणाऱ्या मुलाला बघायला दुसरं कोणी नसतं. सकाळपाळीच्या आठवड्यात मंगळवार आणि शुक्रवार माझे, रात्री साडेनऊ ते साडेदहा. त्या बदल्यात रविवारी सकाळी तो मित्रांबरोबर क्रिकेटला जातो, मी हटकत नाही. आठवड्याला दोन ठरलेल्या बैठका पुरतात. तिसरी मिळाली तर चांगलंच.

मोठा गेम मुलं मामाच्या गावाला जातात तेव्हा काढा. पण ते दिवस नेमके उन्हाळ्याचे, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर असतो. भर दुपारी जड गेम लावलात तर मशीन तापतं, पंखा बोंबलतो, मग गेम अडखळतो किंवा मशीन बंदच पडतं. होळीनंतर एकदा पीसीची धूळ काढून घ्या. मशीन भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. कूलरचा झोत थेट त्यावर सोडू नका. ती हवा ओली असते, आत धूळ चिकटते आणि पुढे गंज धरतो. दुपारी हलके गेम, जड गेम रात्री दहानंतर.

पायरी ६: आदल्या रात्रीची तयारी

चाळीस मिनिटांतली पंचवीस अपडेट बघण्यात गेली, ही तक्रार मी सगळ्यात जास्त ऐकते. उपाय साधा आहे. ५० एमबीपीएसच्या लाइनवर १०० जीबीचा गेम उतरायला साडेचार तास लागतात, तेही लाइन पूर्ण वेगाने चालली तर. म्हणून डाउनलोड झोपताना लावा. स्टीममध्ये अपडेट कोणत्या तासांत व्हावेत हे ठरवून देता येतं.

मशीनवर एका वेळी दोनच गेम ठेवा: एक गोष्टीचा, एक हलका. पाच ठेवलेत तर बैठकीची पहिली दहा मिनिटं निवडण्यात जातात.

झोपण्यापूर्वी बघायचं एवढंच: अपडेट झालं का, कंट्रोलर चार्जिंगला लावला का, सबटायटल चालू आहेत का. सबटायटल हवीतच, कारण हेडफोन एकाच कानाला लावायचा. दुसरा कान मुलांच्या खोलीकडे.

पायरी ७: बैठक

१. *पहिली तीन मिनिटं वही.* मागच्या वेळी लिहिलेलं वाचा. माझी वही म्हणजे मुलीच्या मागच्या वर्षीच्या गणिताच्या वहीची उरलेली पानं. नोंद अशी असते: ‘बंदरावरच्या म्हातारीशी बोलले. किल्ली मिळाली, पण दार उत्तरेचं, पुलापलीकडे. उजवं वरचं बटण म्हणजे ढाल. औषधं दोनच उरलीत, आधी विकत घे.’ चार ओळी, त्यापेक्षा जास्त नाही.

२. *पुढची पाच मिनिटं हात बसवा.* सुरक्षित जागी फिरा, एखादी किरकोळ लढाई करा. आल्याआल्या मोठ्या शत्रूवर गेलात तर हराल आणि दोष गेमला द्याल.

३. *मग खेळा.* एका बैठकीला एकच काम ठरवा.

४. *उठायच्या दहा मिनिटं आधी गजर.* गजर झाला की नवं काही उघडायचं नाही. सेव्ह करा, वहीत चार ओळी लिहा, बंद करा.

सर्वांत जास्त चुकणारी गोष्ट चौथी. ‘एवढी मोहीम संपवते’ म्हणून बसलं की सेव्ह राहतं किंवा नोंद राहते. नोंद राहिली की पुढच्या बैठकीची वीस मिनिटं ‘मी कुठे होते’ यात जातात.

आणि अडचणीची पातळी कमी करायला लाजू नका. ‘सेलेस्ट’मध्ये खेळ सोपा करणारा असिस्ट मोड बनवणाऱ्यांनीच दिला आहे. एकाच शत्रूपाशी तीन बैठका अडकलात तर पातळी खाली आणा आणि पुढे जा.

पायरी ८: मुलं जागी असतानाची वेगळी यादी

आपल्या यादीतले काही गेम मुलांसोबतच संपतात. पण आधी वयाचा शिक्का बघा. पेगी या युरोपातल्या वयाच्या शिक्क्याचे आकडे ३, ७, १२, १६, १८ असे असतात, आणि ते गेम किती अवघड आहे हे सांगत नाहीत, आत काय दाखवलं आहे ते सांगतात. ‘मी खेळते, तो नुसता बघतो’ हेसुद्धा १८च्या गेमला चालणार नाही. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभराहून जास्त स्क्रीन नको, कमी असेल तितकं चांगलं, असं जागतिक आरोग्य संघटनेचं २०१९ पासूनचं मार्गदर्शन आहे. माझा मुलगा या यादीत बसत नाही. मुलगी बसते. लेगोचे गेम आणि ‘अनटायटल्ड गूज गेम’ दोघींना एकाच पडद्यावर खेळता येतात, आणि शनिवारी संध्याकाळचा तो पाऊण तास आमचा दोघींचा आहे. सेव्ह करायची आणि सेव्ह होताना पडद्यावर फिरणारं चिन्ह थांबेपर्यंत बघायची जबाबदारी तिची. बंद करण्याआधी ती दर वेळी मोठ्याने सांगते, “मम्मी, गोल फिरायचं थांबलं, आता बंद कर.”

*सावधान:* मुलांचं प्रोफाइल वेगळं काढा, तुमच्या प्रोफाइलला पिन लावा, खरेदीला पासवर्ड ठेवा. हे न केल्याने माझ्या मैत्रिणीच्या ३० तासांच्या सेव्हवर तिच्या मुलाने ‘न्यू गेम’ दाबला. शक्य असेल तिथे दोन वेगवेगळ्या जागी सेव्ह ठेवा.

पायरी ९: संपवणं, सोडणं आणि नवं घेणं

शेवटची नामावली वर सरकायला लागली की गेम संपला. राहिलेली पिसं, नाणी, ट्रॉफ्या गोळा करत बसू नका. सगळंच्या सगळं करायचा मोह एखाद्याच लाडक्या गेमसाठी राखा.

सलग तीन बैठकांना तो गेम उघडायची इच्छा होत नसेल तर सोडा. वहीत तारीख आणि एका ओळीत कारण लिहा. कारण लिहिलेलं असलं की सहा महिन्यांनी तो पुन्हा डाउनलोड होत नाही.

नवा गेम घ्यायचा तर एक संपल्यावर किंवा सोडल्यावरच. स्टीमचे मोठे सेल वर्षातून चारदा येतात, त्यामुळे आज हुकला तर तीन महिन्यांनी पुन्हा मिळतो; तोवर विशलिस्टमध्ये टाका. आणि घेतलाच तर आठवड्याच्या आत दीड तास खेळून बघा. खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर स्टीम पैसे परत देतं. ही मुदत हुकवली की नको असलेला गेमही यादीत येऊन बसतो.

गेम संपला त्याच रात्री पुढचा सुरू करू नका. संपलेला मशीनवरून काढा, वहीत नाव खोडा, पुढचा डाउनलोडला लावा आणि झोपायला जा.